वखारीचा वास

पुणे,
१२ जानेवारी

चि. सायलीस,


तुझं पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. सांगलीच्या गणपती पेठेतली आपली हळदीची वखार भाड्याने न देता तिथे नाटकं, चित्रप्रदर्शनं, गाण्याच्या बैठकी व्हाव्यात असं तुझ्या मनात आलं, याने मला फार आनंद झाला. फक्त आराखड्यातली एक ओळ खटकली : ‘पूर्ण फॉल्स सीलिंग, भिंतींना पुट्टी, पांढरा रंग.’ हे पत्र त्या ओळीसाठी.

जुन्या गोदामात कला कशी रुजते, ते मी पाहिलं आहे. २०१६ च्या डिसेंबरात मी कोचीला गेले होते. फोर्ट कोचीत पाण्याच्या काठावर ॲस्पिनवॉल हाउस आहे. जॉन ॲस्पिनवॉल या इंग्रज व्यापाऱ्याने १८६७ मध्ये काढलेल्या कंपनीची ही जागा. खोबरेल, मिरी, आलं, गवती चहाचं तेल आणि आपली हळदसुद्धा, असा कंपनीचा व्यापार होता. काळ बदलला आणि गोदामं रिकामी झाली. बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे मूळचे केरळचे, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले चित्रकार. त्यांनी १२ डिसेंबर २०१२ पासून कोची-मुझिरिस बिएनाले हे कलाप्रदर्शन भरवायला सुरुवात केली आणि ॲस्पिनवॉल हाउस त्याचं मुख्य ठिकाण झालं. मी गेले त्या वर्षी मांडणीची सूत्रं मुंबईच्या सुदर्शन शेट्टींकडे होती.

तिथल्या एका लांबलचक गोदामात चिलीचे कवी राउल झुरिता यांनी समुद्राचं पाणी भरलं होतं. चपला काढायच्या, कपडे वर धरायचे आणि पाण्यातून चालत जायचं. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर थोडे थोडे शब्द. पलीकडच्या टोकाला गालिप कुर्दी या सीरियन मुलासाठी लिहिलेला मजकूर. २०१५ मध्ये तो समुद्रात बुडाला. त्याच्या धाकट्या भावाचा, आलानचा, किनाऱ्यावरचा फोटो जगाने पाहिला. गालिपचा तसा फोटोच नव्हता. मजकुरापर्यंत पोचेपर्यंत पाय गार पडले होते, आणि आजूबाजूला कुणी बोलत नव्हतं. हेच काम चकचकीत हॉलमध्ये केलं असतं तर ते भरलेल्या हौदासारखं दिसलं असतं. तिथे मात्र जुन्या भिंतींना खारी हवा आधीच लागलेली होती. समुद्र आपल्याच घरी आल्यासारखा वाटत होता.

आपल्या वखारीतही पाणी आलं होतं, सायली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पूर ओसरला तेव्हा भिंतीवर गढूळ रेघ राहिली. ती पुट्टीखाली गाडू नकोस. सांगलीचा कुणीही माणूस आत आला की पहिल्यांदा त्या रेघेपाशी थांबेल आणि आपल्या घरात पाणी कुठवर आलं होतं ते सांगेल. आणि विजेचे बोर्ड, वायरी, ध्वनियंत्रणा, सगळं त्या रेघेच्या वर घे. जुलै-ऑगस्टात कार्यक्रम ठेवू नकोस. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की नटाचं वाक्य दुसऱ्या रांगेतही पोचणार नाही.

फॉल्स सीलिंगने वखारीची उंची जाईल. पोत्यांच्या थप्प्या आढ्याला भिडायच्या म्हणून वखार बांधताना अप्पांनी ती उंची ठेवली होती. तुला ती प्रकाशासाठी लागेल. छताच्या काचेतून दुपारी उन्हाचा जो एक पट्टा उतरतो, तसा प्रकाश विकत मिळत नाही.

आवाज घुमेल, हे खरं. मधोमध उभी राहून टाळी वाजव आणि ऐक. भिंतींपासून वीतभर पुढे जाड बारदानाचे पडदे सोडलेस तर बराच फरक पडेल. मात्र बारदान चटकन पेटतं, म्हणून त्याच्यावर आधी आगरोधक प्रक्रिया करून घे. बोळाकडचं विटांनी बुजवलेलं दार सगळ्यात आधी मोकळं कर, आणि दोन्ही दारं बाहेर उघडणारी असू देत. रंगाचे वाचलेले पैसे बायकांच्या स्वच्छतागृहाला घाल. आणि मिस्त्रीच्या आधी जुन्या हमालांना बोलाव. फरशी कुठे खचली आहे, ओल कुठून येते, हे त्यांना पाठ आहे.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा सांगलीत नाट्यगृह नव्हतं. तो प्रयोग राजदरबारात झाला. आपल्या गावाचं नाटक असं उसन्या जागेतच सुरू झालं. वखारीचंही नाट्यगृह होईल, फक्त तिची वखार म्हणून असलेली ओळख पुसू नकोस. हरिपूरच्या भुईतल्या पेवांतून काढलेली हळद गाडीतून उतरली की जो वास यायचा, तो अजून त्या भिंतींत आहे. मी दिवाळीत आले तेव्हा दार उघडताच आला.

रंगाचे डबे आणले असशील तर परत करून टाक.

तुझी,
आत्या