शेवटचा डबा

मी एकतीस वर्षे खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकविले. गाव यवतमाळ जिल्ह्यातले. घर, शेत, भाऊबंद सारे तिथेच. निवृत्त झाल्यावर मुलाकडे नागपूरला, मनीषनगरात राहायला आलो. शेत धाकटा भाऊ करतो. आज सांगतो ती हकीकत २०१७ च्या सप्टेंबरातली आहे.

नातीच्या शाळेत तेव्हा एक स्पर्धा निघाली होती. ज्यांत काही अक्षरे सारखी येतात असे लांबलचक इंग्रजी शब्द गोळा करायचे आणि पुढे अर्थ लिहायचा. पोरगी माझ्या मागे लागली. तिने आणलेला पहिला शब्द होता हिप्पोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपेडालिओफोबिया. अर्थ काय, तर लांब शब्दांची भीती! दुसरा पंचेचाळीस अक्षरांचा, बारीक धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाचे नाव. तो तर अमेरिकेतल्या कोडी सोडविणाऱ्या हौशी मंडळींनी १९३५ च्या सुमारास मुद्दाम लांब बनविला होता.

मनीषनगरला त्या वेळी उड्डाणपूल नव्हता. रेल्वेचे फाटक पडले की आम्ही आजोबा-नात मालगाडीचे डबे मोजत उभे राहायचो. मी तिला म्हटले, "बेटा, लांब शब्द म्हणजे ही गाडीच समज. डबे सुटे करून वाच. आणि आधी शेवटचा डबा पाहा, म्हणजे गाडी कोणत्या कामाची ते कळते." शेवटी 'फोबिया' असले की भीती. शेवटी 'साइड' असले की मारणे. इन्सेक्टिसाइड म्हणजे किडा मारणारे, हर्बिसाइड म्हणजे तण मारणारे, फंगिसाइड म्हणजे बुरशी मारणारे. त्याच ओळीत पोरीने सुइसाइड लिहिले. आपल्या विदर्भात त्या शब्दाचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. मी गप्प बसलो.

दोन दिवसांनी संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. "मोठे बाबा, बाबाले उलट्या होऊन राह्यल्या. घामानं निथळून राह्यले, तोंडातून लाळ येते. दवाखान्यात आणलं. दुपारी पऱ्हाटीवर फवारा मारला होता."

माझ्या पोटात गोळा आला. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात काय घडले ते तुम्हाला आठवत असेल. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती, बोंडअळीच्या धाकाने फवारण्यांवर फवारण्या चालल्या होत्या, आणि वर मारलेले औषध खाली मारणाऱ्याच्या तोंडावर येत होते. शेकडो माणसे दवाखान्यात पडली, वीसहून अधिक जिवानिशी गेली. त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर साधा सदरा, तोंडाला फार तर दुपट्टा.

"डॉक्टर विचारते, औषध कोणतं?" पुतण्या म्हणाला. "म्या सांगतलं, लाल झाकणाचं, उग्र वासाचं."

"शिशी कुठं आहे?"

"कोठ्यात."

शेजारच्या पोराला फोन करून शिशी पाहायला लावली. तो सातवी शिकलेला. शब्द त्याला वाचता येईना, पण अक्षरे ओळखत होता. तो एकेक अक्षर सांगे आणि मी लिहीत जाई. हाताशी कागद होता तो नातीच्या स्पर्धेचा. त्यावरच लिहिले : पी, आर, ओ, एफ, ई, एन, ओ, एफ, ओ, एस. पुढे अधिकचे चिन्ह. मग सी, वाय, पी, ई, आर... प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन. एका शिशीत दोन विषे. नातीने विचारले, "आबाजी, याचा अर्थ काय?" मला सांगता आला नाही. एकतीस वर्षे गायीवरचा निबंध शिकविला, पण ज्या गावातल्या प्रत्येक घरी हे शब्द शिशीवर येत होते तिथे एकदाही फळ्यावर लिहिले नाहीत.

डॉक्टरांना नाव कळविले. त्यांनी बारीक झालेल्या बाहुल्यांवरून अंदाज बांधलाच होता. नावाने खात्री पटली. अॅट्रोपिनची इंजेक्शने चालली होतीच. भाऊ सहा दिवसांनी घरी आला. सगळ्यांच्या नशिबी ते नव्हते.

त्यानंतर मी ते शब्द घेऊन बसलो. जे समजले ते तुम्हाला सांगतो.

'फॉस' म्हणजे फॉस्फरस. ग्रीक लोक शुक्राच्या चांदणीला या नावाने ओळखत. अर्थ, उजेड आणणारा. विषाच्या शिशीवर चांदणीचे नाव! प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, ट्रायझोफॉस, मोनोक्रोटोफॉस हे सारे एका घरचे. इंग्रजीत कुठे पी-एच लिहितात, कुठे एफ, उच्चार तोच. मोनोक्रोटोफॉसच्या तेरा अक्षरांत पाच ओ आहेत, नातीने मोजले. आपल्या शरीरात मज्जातंतूचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारा एक पदार्थ असतो. फॉसवाली औषधे त्यालाच जखडतात. मग निरोप थांबतच नाही : घाम, लाळ, उलट्या, स्नायू फडफडणे, शेवटी श्वास अडकणे. अळी मरते ती अशीच, आणि माणूसही.

'थ्रिन'चे घर निराळे. शेवंतीच्या नात्यातल्या एका पांढऱ्या फुलात कीडनाशक गुण असतो, त्याची नक्कल करून सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन बनविली. त्यांवर अॅट्रोपिन हा उतारा नव्हे. तिसरा मोठा शब्द निओनिकोटिनॉइड. 'निओ' म्हणजे नवा, 'ऑइड' म्हणजे सारखा, मध्ये आपल्या खर्ऱ्यातले निकोटीन. इमिडाक्लोप्रिड त्यातलेच.

पण शेवटच्या डब्यावर डोळे मिटून विसंबू नका, हेही सांगतो. डायमेथोएट आणि फोरेट यांच्या शेवटी फॉस नाही, तरी ती फॉसच्याच घरची. उलट तणनाशक ग्लायफोसेट, त्यात फॉसची अक्षरे आहेत पण त्याची चाल वेगळी. म्हणून शिशी किंवा तिच्यावरचे कागद रोग्याबरोबर दवाखान्यात गेलेच पाहिजेत. त्याआधी अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा, आणि मुद्दाम उलटी काढायला जाऊ नका.

वाचता न येणाऱ्यासाठी लेबलावर रंगाचा चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे दूध नव्हे! सोबतच्या माहितीपत्रकाची अक्षरे मात्र इतकी बारीक की माझ्या चष्म्यालाही भिंग लावावे लागले. ज्याने ते छापले त्याने कधी शेतात उभे राहून वाचून पाहावे.

माझ्या वहिनीला मी एक गोष्ट सांगितली, ती घरोघरच्या मायबहिणींनाही सांगतो. जुलै २०१३ मध्ये बिहारातल्या गंडामन गावी शाळेतले जेवण जेवून तेवीस लेकरे गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस मिसळले होते. तेव्हा रिकामी शिशी कितीही चांगली दिसो, तिच्यात घासलेटसुद्धा भरू नये. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस मारायला २००५ सालीच बंदी झाली होती. पुढे २०२३ साली सरकारने त्याच्या छत्तीस टक्क्यांच्या द्रावणावरच बंदी घातली, तीही साठा संपवायला मुदत देऊन.

नातीला स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही. औषधांची नावे शब्दकोशात नाहीत म्हणून बाद धरली म्हणे. तिने तोच कागद मोठ्या देवनागरी अक्षरांत पुन्हा लिहून गावी पाठविला. पुतण्याने तो कोठ्याच्या दारावर आतून चिकटवला.

परवा भावाचा फोन आला. कृषी केंद्रातूनच बोलत होता. "दादा, नवीन देऊन राह्यला. लिहून घे." मी लिहीत गेलो, एकोणीस अक्षरे भरली. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल.

"फॉस नाही ना?"

"नाही. थ्रिनबी नाही. याचा शेवटचा डबा निराळाच हाय. तिकोन हिरवा."

"मग थांब जरा. पोरीला विचारून सांगतो."

"थांबतो," भाऊ म्हणाला, आणि दुकानदाराला म्हणाला, "थांब बे, घाई नोको करू."