रेट्विकची गिरकी

स्टॉकहोमहून रेल्वेने साधारण तीन तासांत रेट्विक येते. दालार्ना प्रांतातील हे गाव सिल्यान सरोवराच्या काठी वसले आहे. सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वी येथे आदळलेल्या अशनीने जो प्रचंड वर्तुळाकार खळगा घडविला, त्याच्याच कडेला हे सरोवर पसरले आहे. जूनच्या अखेरीस रात्री दहालाही येथे दिव्याविना वाचता येते. नोकरीनिमित्त स्टॉकहोमला असलेल्या मुलीने आम्हा उभयतांची नावे तीन संध्याकाळच्या नृत्यवर्गात परस्पर घातली होती.

मला धास्ती होती ती पत्नीची. आदल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून तिचे मनगट मोडले. हाड जुळले, भीती मात्र उरली. कठडा धरल्याशिवाय ती जिना उतरेना. तोल सुधारण्याचे व्यायाम मी लिहून दिले होते. बहुतेक रुग्ण करतात तेच तिनेही केले, कागद जपून कपाटात ठेवला.

वर्गात शिकवीत होते ते 'पोल्स्का'. नावाचा अर्थच 'पोलंडचे'. सतराव्या शतकाच्या सुमारास ही नृत्ये तिकडून स्वीडनमध्ये आली आणि गावागणिक बदलत गेली. ठेका तीन मात्रांचा, साथ व्हायोलिनची. प्रत्येक जोडपे स्वतःभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि सारी जोडपी मिळून दालनाला उलट दिशेने फेरी घालतात. पावलांहून अवघड असते ती 'स्विक्त', म्हणजे गुडघ्यांतील हळुवार उसळी. ती नसली की नाच म्हणजे नुसती कवायत.

पहिल्या संध्याकाळी ती दोन गिरक्यांतच भिंतीशी जाऊन बसली. आतल्या कानातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव आपण थांबल्यावरही काही क्षण वाहतच राहतो, त्यामुळे भोवळ येते. सत्तरीच्या शिक्षिका म्हणाल्या, "जमिनीकडे पाहू नका, एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहा." उपाय अगदी शास्त्रशुद्ध! आपल्याबरोबर फिरणारा चेहरा नजरेला स्थिर भासतो. इतकी वर्षे चक्करेवर गोळ्या लिहून देणाऱ्या मला हे सुचले नव्हते. शिवाय सत्तावीस वर्षांच्या संसारात एकमेकांच्या चेहऱ्याकडे इतका वेळ पाहण्याचा प्रसंगही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भोवळ ओसरली, तरी आम्ही अडखळतच होतो. शिक्षिकेने माझ्या हाताकडे बोट दाखविले. पत्नी पडेल या भयाने मी तिला आवळून स्वतःकडे खेचत होतो. या नृत्यात मात्र दोघांनी किंचित मागे रेलून आपला भार एकमेकांच्या हातांवर सोपवायचा असतो. तोलाचा बिंदू दोघांच्या मधोमध राहतो. एकाने ओढले की तो ढळलाच.

"अहो, मी पडत नाहीये. तुम्ही मला पाडताय," ती म्हणाली.

त्या अपघातापासून मी तिला एकटीने रस्तादेखील ओलांडू दिला नव्हता, हे मला तेथे आठवले.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही एक धून शेवटपर्यंत नाचलो. (वारंवार चक्कर येणाऱ्यांनी वा गुडघे दुखणाऱ्यांनी अशा गिरक्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, आमचाही वेग बेताचाच होता.) निघताना दालनाच्या पायऱ्यांपाशी माझा हात सवयीने पुढे झाला. तिने तो घेतला नाही. मी दोन पायऱ्या मागे राहून उतरलो.