मांडीवरची गिटार

मुलांनो, गिटार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गळ्यात पट्टा अडकवून, उभं राहून झणझण वाजवणारा एखादा दादा, हो ना? आज मी तुम्हाला तिच्या एका वेगळ्याच बहिणीची ओळख करून देणार आहे. ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत, मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हाताची बोटं तारा दाबत नाहीत. त्या हातात असते एक गुळगुळीत, जड पोलादी कांडी. ती तारांवर अलगद टेकवायची आणि सरकवायची. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या घालायच्या आणि तारा छेडायच्या. मग घसरगुंडीवरून घसरावं तसा एक सूर दुसऱ्या सुरापर्यंत घसरत जातो. आपल्या गाण्यात याला मींड म्हणतात. या वाद्याचं नाव हवाईयन गिटार.

नावातच तिचं गाव आहे. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर, १८८०च्या दशकात, जोसेफ केकुकू नावाच्या एका शाळकरी मुलाने गिटारच्या तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून पाहिला आणि त्यातून ही पद्धत निघाली, असं सांगतात. तुमच्याच शाळेच्या वयाचा मुलगा, बरं का! पुढे हे वाद्य जगभर गेलं. विजेवर चालणाऱ्या ज्या गिटारी सगळ्यात आधी बाजारात चालल्या, त्यांतली १९३२ची एक गिटार मांडीवर वाजवायचीच होती. गोल पोट आणि लांब दांडा असल्यामुळे लोक तिला गमतीने ‘फ्राईंग पॅन’ म्हणत!

भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टाऊ मो नावाचे कलावंत आपल्या कुटुंबासह कोलकात्यात राहत होते. त्यांच्यामुळे तिथे या वाद्याची गोडी वाढली. आपल्या मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारवर हिंदी चित्रपटांतली गाणी वाजवली. त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी रेडिओवर हे सूर नक्की ऐकले असतील.

तर अशी एक गिटार मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे आली. मी पवईत राहते आणि जवळच्याच प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड.ला असताना आम्हाला खोके, तारा, लाकडाच्या पट्ट्या यांपासून शैक्षणिक साधनं बनवायला लावायचे. तेव्हापासून मोडकं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. शाळेची पेटीसुद्धा मीच उघडून साफ करते. हे ठाऊक असल्यामुळे आमच्या शेजारच्या काकूंनी माळ्यावरून जुन्या चादरीत गुंडाळलेली गिटार काढली आणि म्हणाल्या, “बघ गं, काही होतंय का हिचं. नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाकते.”

१९७४ साली, काकू अकरा वर्षांच्या असताना, त्यांच्या वडिलांनी ही गिटार कुणाकडून तरी जुनी विकत घेतली होती. काकू पवईहून बसने घाटकोपरला क्लासला जायच्या. सहा-सात महिन्यांत क्लास सुटला. “मला सूरच नव्हता गं,” त्या सहज म्हणाल्या. हे वाक्य त्या जवळजवळ पन्नास वर्षं मनाशी धरून होत्या.

ही होती शिकाऊ गिटार. म्हणजे नव्याने शिकणाऱ्यांसाठी बनवलेली, स्वस्तातली. कंपनीचं नाव असलेला कागद केव्हाच झडून गेलेला. अशा वाद्यांत लाकूड साधं असतं, चाव्या हलक्या असतात. त्यात काही वाईट नाही. घरातल्या माणसांना परवडलं नाही तर मूल शिकणार कसं? पण शिकाऊ वाद्याला एक गोष्ट मात्र जमायलाच हवी. बरोबर जागी हात ठेवला तर त्यातून बरोबर सूर आला पाहिजे.

मी आधी धूळ झाडली. कोरड्या फडक्याने, पाण्याने नाही. मग एकेक चावी फिरवून पाहिली. तारा ताणायच्या चाव्यांचे दाते झिजले होते. तार सुरात आणून हात काढला की चावी जराशी मागे फिरायची. नवा संच घ्यायचं ठरवलं. जुन्या चाव्यांमधलं अंतर मोजलं, कागदावर त्यांचा ठसा काढला आणि धोबी तलावला वाद्यांच्या दुकानात गेले. अंतर जुळलं की जुन्याच भोकांत नव्या चाव्या बसतात, लाकडाला नवं भोक पाडावं लागत नाही. मी आणलेल्या चाव्या १४ला १ अशा दात्यांच्या आहेत. म्हणजे चावी १४ वेळा फिरवाल तेव्हा तार गुंडाळणारी खुंटी एकदा फिरेल. त्यामुळे अगदी बारीक फरकसुद्धा करता येतो.

मग मानेच्या टोकाशी असलेली पट्टी पाहिली. तारा हिच्यावरून जातात, गिटारवाले हिला नट म्हणतात. हवाईयन गिटारचा नट उंच असतो, म्हणून तारा मानेपासून जवळजवळ सेंटिमीटरभर वर राहतात. इथे दोन खाचा खोल झिजल्या होत्या. पोलादी कांडी सरळ असते, तेव्हा सगळ्या तारा एकाच पातळीत हव्यात. एखादी खाली गेली तर कांडी तिला नीट टेकत नाही आणि तार नुसती खडखडते. आमच्या सुतारकाकांनी जुन्या नटावरून नवा बनवून दिला.

नव्या तारा चढवल्या. सा, प, सा, ग, प, सा अशा सहा तारा लावल्या. मोकळ्या छेडल्या की कानाला गोड वाटतात. कांडी बाराव्या रेषेवर ठेवली. तिथे वरचा सा यायला हवा. आला, पण चढा! सातव्या रेषेवर पंचम. तोही जरा चढाच. चाव्या नव्या, नट नवा, तारा नव्या, मग चुकतंय कुठे?

आता पट्टी घ्या हातात, कारण इथे गणित आहे. साध्या गिटारवर तार पडद्यावर दाबतात. हवाईयन गिटारवर तार पडद्याला टेकतच नाही. पडदे म्हणजे नुसत्या खुणेच्या रेषा. कांडी बरोबर त्या रेषेच्या वर ठेवायची. बारावी रेषा तारेच्या बरोबर मध्यावर हवी. तार ६० सेंटिमीटर असेल तर बारावी रेषा नटापासून ३०वर. तारेच्या एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे २०वर, सातवी रेषा, तिथे पंचम. एक चतुर्थांशावर, म्हणजे १५वर, पाचवी रेषा, तिथे मध्यम. किती सोपं, नाही?

मी मोजलं. नटापासून बारावी रेषा बरोबर ३० सेंटिमीटर. म्हणजे तारांच्या दुसऱ्या टोकाला असलेली घोडी ६०वर हवी. ती होती ५९वर! एक सेंटिमीटरची चूक. एवढीशी? हो, पण तेवढ्याने वरचा सा पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका चढतो. नटाजवळ चूक कमी, घोडीकडे जावं तशी वाढत जाते. अशा गिटारची घोडी खरं तर मोकळी असते. तारांच्या दाबानेच ती जागेवर राहते. ती सरकते म्हणून कुणीतरी, काकूंच्या घरी येण्याआधीच, ती चिकटवून टाकली होती. चुकीच्या जागी.

मग मला काहीतरी दिसलं. मानेवर सा, रे, ग लिहिलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या होत्या, लहान मुलीच्या अक्षरात, रेषांना लागून. पण काही रेषांच्या अलीकडे, नटाच्या बाजूला, शिसपेन्सिलीची बारीक टिंबंही होती. मोजली. बाराव्या रेषेच्या अर्धा सेंटिमीटर अलीकडे एक. सातव्या रेषेच्या तीन मिलिमीटर अलीकडे एक. आता ५९चं निम्मं करा. साडेएकोणतीस! टिंब बरोबर तिथेच होतं.

“काकू, ही टिंबं कुणी काढली?”

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. “अगंबाई, मीच. तिथे ठेवलं की मला बरं वाटायचं. पण सर म्हणायचे, रेषेवर ठेव, रेषेवर! एकदा पट्टी बसली हातावर. मग मी रेषेवरच ठेवायला लागले. मग सगळंच बेसूर वाटायला लागलं, आणि सोडून दिलं.”

कळलं का, मुलांनो? अकरा वर्षांच्या त्या मुलीच्या कानाने मिलिमीटरचा फरक ओळखला होता. तिचं वाद्य चुकीचं सांगत होतं आणि तिचा कान बरोबर सांगत होता. वर्गातल्या मोठ्या माणसांनी मात्र रेषेवर विश्वास ठेवला.

घोडी काढायचं काम सुतारकाकांनी केलं. आधी सगळ्या तारा थोड्या थोड्या सैल केल्या. ताणलेल्या सहा तारांची मिळून ओढ एखाद्या मोठ्या माणसाच्या वजनाएवढी असते, म्हणून हे काम घाईने करायचं नाही आणि तोंड तारांपासून लांब ठेवायचं. मग पातळ सुरी गरम करून घोडीखाली हळूहळू सरकवली. जुना चिकट थर मऊ झाला आणि घोडी सुटली. नवा डिंक लावलाच नाही. ६० सेंटिमीटरवर घोडी ठेवली, तारा ताणल्या. तारांच्या दाबाने ती बसली. या दुरुस्तीला एक पैसाही लागला नाही. जुन्या जागेचा फिकट डाग तसाच ठेवला. चिठ्ठ्या ठेवल्या, टिंबंही ठेवली.

काकूंनी मांडीवर गिटार घेतली. कांडी रेषेवर ठेवली. वरचा सा लागला, अगदी खणखणीत. त्या बराच वेळ तोच सूर वाजवत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझं तेव्हा चुकत नव्हतं.”

आता तुम्ही म्हणाल, शिकाऊ वाद्यावर एवढी मेहनत कशाला? नवं घ्यावं की. पण जगभर लोक ही मेहनत करतात. अमेरिकेत या मांडीवरच्या गिटारला पुढे पाय फुटले! चार पायांवर उभी असलेली ही पेडल स्टील गिटार. वाजवताना पायाने पेडल दाबलं की तार ताणली जाते आणि सूर चढतो. १९५४ सालच्या एका गाण्यात बड आयझॅक्स यांनी हा प्रकार ऐकवला आणि तो पुष्कळ वादकांनी उचलला. तिच्याही शिकाऊ गिटारी निघाल्या. १९७०च्या दशकातल्या शो-बड मॅव्हरिकला तीन पेडलं आणि गुडघ्याने ढकलायचा एकच खटका असे. मोठ्या वादकांच्या गिटारला असे चार-पाच खटके असतात. आज हौशी माणसं अशा जुन्या गिटारी शोधून आणतात, झिजलेले भाग बदलतात, आणखी खटके बसवतात आणि पुन्हा वाजत्या करतात.

आपल्याकडे तर याहून मोठी गोष्ट झाली. ब्रिजभूषण काब्रा यांनी या परदेशी गिटारवर आपले राग वाजवले. १९६७ साली शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. ती लोक अजून ऐकतात. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी गिटारला सतारीसारख्या चिकारीच्या आणि तरफांच्या तारा जोडल्या. तिची मोहनवीणा झाली. राय कूडर यांच्याबरोबर केलेल्या वादनाला १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. म्हणजे वाद्य सुधारता येतं, वाढवताही येतं. मात्र आधी दुरुस्ती, मग सुधारणा. घोडी चुकलेली असताना बारा तारा वाढवल्या तर अठराही तारा बेसूरच वाजतील.

तुमच्या घरी कुठलीही गिटार असेल तर एक प्रयोग करा. तारेच्या मध्यावर, बाराव्या पडद्याच्या बरोबर वर, बोट नुसतं टेकवा. दाबू नका. छेडा आणि लगेच बोट उचला. घंटेसारखा स्वच्छ सूर येईल. आता त्याच ठिकाणी साध्या गिटारवर तार दाबून, हवाईयनवर कांडी ठेवून वाजवा. दोन्ही सूर सारखे वाटले तर वाद्य खरं बोलतंय. वेगळे वाटले तर पट्टी घ्या, मोजा आणि घरातल्या मोठ्या माणसाला दाखवा. घोडी मात्र एकट्याने उपटू नका!

आणि आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मूल वाजवायला बसलं आणि सूर लागेना, तर “याला कानच नाही” असं म्हणायच्या आधी वाद्य तपासा. चाव्या फिरतात का, तारा गंजल्यात का, घोडी जागेवर आहे का ते पाहा. दुकानदाराला विचारा, जाणत्या वादकाला एकदा वाजवून पाहायला सांगा. फार खर्च येत नाही. आणि मूल म्हणालं, “मला इथे बरं वाटतं”, तर तिथे पेन्सिलीने एक टिंब काढू द्या. ते का बरं वाटतं, ते त्याच्याबरोबर बसून मोजा.