आबालाल आणि आमचे खाचर

गेल्या वर्षी कॉलेजची सहल कोल्हापूरला गेली होती. अंबाबाईचे दर्शन, पन्हाळा आणि रंकाळ्यावरची भेळ. खरे सांगायचे तर आमचा उत्साह भेळेसाठीच होता! टाऊन हॉलच्या संग्रहालयात शिरलो ते केवळ वेळ उरला म्हणून. तेथे आबालाल रहिमान यांच्या चित्रांपुढे मी उभा राहिलो आणि सरांनी दोनदा हाक मारली तरी हललो नाही.

परत आल्यावर ग्रंथालयात त्यांच्याविषयी मिळेल ते वाचले. कुराणाच्या प्रती हाताने लिहिणाऱ्या घराण्यातला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला. १८८८ साली त्याला व्हाइसरॉयचे पदक मिळाले. पुढे मुंबईत राहून पैसा मिळवता आला असता. पण आबालाल कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या काठी फकिरासारखे राहिले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ... तेच पाणी, तीच झाडे ते पुन्हा पुन्हा रंगवीत. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे सांगतात. १९३१ साली ते स्वतः गेले.

ती बुडवलेल्या चित्रांची गोष्ट वाचून मला त्यांचा रागच आला. त्याचे कारण घरचे आहे.

आमचे गाव लोहगडाच्या पायथ्याशी. मळवलीहून लोकलने मी लोणावळ्याला येतो. घरात दहावीच्या पुढे शिकणारा मी पहिलाच. ओढ्याकाठी आमचे इंद्रायणीचे खाचर होते. जूनमध्ये राबावर रोप वर यायचे, मग भर पावसात लावणी, पाठीवर इरले घेतलेली आजी. दोन वर्षांपूर्वी ताईचे लग्न आणि माझी फी यांसाठी अण्णांनी ते मुंबईच्या एका साहेबांना विकले. आता तेथे बंगला आहे आणि भोवती उंच भिंत. आमच्याकडे लग्नाचे फोटो आहेत, बैलजोडीचाही एक आहे. खाचराचा मात्र एकही नाही. रोजच्या वावराचा फोटो कोण काढतो?

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर मी ते आठवून काढू लागलो. मला चित्रकला येत नाही. ओढा रस्त्यासारखा झाला आणि लोहगड उलट्या टोपलीसारखा. आई म्हणाली, "ह्यानं काय नोकरी लागणार हाय का?" अण्णा काही बोलले नाहीत. विक्रीचा विषय ते घरात काढत नाहीत, मीही काढत नाही.

रात्री जेवणानंतर त्यांनी वही मागितली. कंदिलाच्या काळापासूनची सवय, वाचायचे काही असले की ते दिव्याखाली सरकतात. बराच वेळ पाहून त्यांनी पानावर बोट ठेवले.

"उंबर हिकडं नव्हता रं. वरल्या बांधाला व्हता. त्याच्या सावलीत तुझी आजी भाकरी सोडायची."

मी रबर आणायला उठलो.