आमच्या घरचा जुना संगणक

‘जुनें तें सोनें’ असें आपले वाडवडील म्हणत आले. ‘नवें तेंच हवें’ असें आमचे चिरंजीव म्हणतात. २०२५ च्या दिवाळीच्या सुटींत या दोन मतांच्या कचाट्यांत आम्ही सांपडलों. वादाचा विषय होता आमच्या घरचा, २०१४ सालीं घेतलेला, मेजावरील संगणक. सुरू होण्यास त्यास चार मिनिटें लागत. प्रश्नपत्रिका लिहितांना अक्षरें बोटांच्या मागून येत. त्यांतच १४ ऑक्टोबर रोजीं ‘विंडोज १०’ या प्रणालीच्या नियमित विनामूल्य सुरक्षा-सुधारणा बंद झाल्या, आणि पुढची ‘विंडोज ११’ आमच्या जुन्या यंत्रावर बसेना.

“पप्पा, आतां नवाच घ्या,” असें चिरंजिवांनीं सुचविलें. नव्यास ४०,००० रुपये पडत होते. तेवढे पैसे घरांत नव्हते असें नाहीं. परंतु ते ज्येष्ठ कन्येच्या परिचारिका-शिक्षणाच्या प्रवेशाकरितां बाजूस ठेवलेले होते. कन्या कांहीं बोलली नाहीं. तिच्या न बोलण्यामुळेंच प्रश्न अधिक अवघड झाला.

तोड काढली ती आमच्या पत्नीनें. “हा संगणक आपल्याला कशासाठीं लागतो, तें आधीं कागदावर लिहा,” असें तिनें सांगितलें. प्रश्नपत्रिका व गुणपत्रकें लिहिणें, चिरंजिवांचे शाळेचे पाठ, आणि मुंबईस असलेल्या आजींशीं पडद्यावरून बोलणें, अशी यादी झाली. चिरंजीव ‘खेळ’ असें पुटपुटले, पण तें यादींत लिहिलें गेलें नाहीं.

यादी घेऊन आम्ही एका माजी विद्यार्थ्याच्या दुरुस्तीच्या दुकानीं गेलों. त्यानें पेटी उघडून धूळ झाडली व तो म्हणाला, “सर, सगळा संगणक म्हातारा झालेला नाहीं. त्याची हार्ड डिस्क तेवढी थकली आहे.” मग त्यानें जें समजाविलें तें मुलांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आमच्या हार्ड डिस्कमधील चकती मिनिटास ७,२०० फेरे घेत असे, आणि एक बारीक दांडा तिच्यावर माहिती शोधीत हिंडे. एस. एस. डी. मध्यें फिरणारें कांहींच नसतें. त्यामुळें माहिती फार लवकर हातीं येते. रॅम म्हणजे कामाचें मेज. तें लहान असलें कीं कागद पुनःपुन्हां कपाटांत ठेवावे व काढावे लागतात. आमचें मेज ४ जीबीचें होतें. तें ८ जीबीचें करतां येत होतें.

“आणि प्रोसेसर?” आम्हीं विचारलें.

“तिथें हात लावूं नका, सर. विंडोज ११ चालेल असा प्रोसेसर घ्यायचा तर मदरबोर्ड बदलावा लागतो. त्या मदरबोर्डावर ही जुनी डी. डी. आर. ३ रॅम बसत नाहीं, म्हणजे तीही नवी. मग जुनी उरते ती पत्र्याची पेटी!”

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला तो हाच. जुन्यांत भर घालण्याची सीमा येथें आहे, असें आम्हांस वाटतें. एक-दोन सुटे भाग बदलून यादींतील काम भागत असेल, तर भर घालावी. एका भागापायीं दुसरा व दुसऱ्यापायीं तिसरा बदलावा लागत असेल, तर नवाच घ्यावा. ज्यास चित्रफितींचें संपादन अथवा अभियांत्रिकीचीं रेखाचित्रें करावयाचीं आहेत, त्यानें आमचें अनुकरण करूं नये.

राहिली प्रणाली. १९९१ सालीं लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं आरंभिलेल्या लिनक्सवर आधारलेल्या कित्येक प्रणाली विनामूल्य मिळतात व जुन्या यंत्रांवरही चालतात. विंडोजसाठीं लिहिलेले सर्वच कार्यक्रम त्यांत चालत नाहींत; म्हणून संगणकांत कांहीं न बदलतां, तशी एक प्रणाली पेन ड्राइव्हवरून दोन दिवस चालवून पाहिली. युनिकोडमधील मराठी प्रश्नपत्रिका उघडली, पडद्यावर आजींचा चेहरा दिसला, आणि निर्णय झाला. एस. एस. डी. व रॅम मिळून ५,५०० रुपये पडले.

जुनी हार्ड डिस्क मात्र आम्हीं भंगारवाल्यास दिली नाहीं. तिच्यावर कित्येक वर्षांच्या मुलांचे गुण होते. ते सारें पुसून मगच ती ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रांत दिली. अशा कचऱ्यांत शिशासारखीं विषारी द्रव्यें असूं शकतात, आणि भारतांत त्याविषयींचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत.

यंत्र आतां अर्ध्या मिनिटांत सुरू होतें. तें अमर झालें असें नव्हे. मदरबोर्ड गेला तर त्यावर एकही रुपया खर्चावयाचा नाहीं, असें आम्हीं सर्वांनीं मिळून ठरविलें आहे, व त्या दिवसासाठीं दरमहा ५०० रुपये वेगळे ठेवीत आहों. कन्येच्या प्रवेशाची रक्कम जागच्या जागीं आहे.

विद्यार्थी मित्रहो, घरांतील एखादी वस्तु जुनी झाली म्हणजे ‘नवी केव्हां घ्यायची?’ असें विचारण्यापूर्वीं ‘हिच्यांतलें नेमकें काय थकलें आहे?’ असें विचारावें. आणि ज्यांस तोच पैसा लागणार असतो, पण जे तोंड उघडून मागत नाहींत, त्यांच्याकडेही एकदां पाहावें.