खाली उतरून बघ

आपल्या भाषेत काही शब्द इतक्या चोरपावलांनी येतात, की ते परके आहेत याची आठवणही कुणाला राहत नाही. ‘टेम्पो’ हा असाच एक शब्द. मूळचे हे एका जर्मन गाडीचे नाव. त्या भाषेत त्याचा अर्थ वेग. जर्मनांच्या सहकार्याने १९५८ मध्ये आपल्याकडे ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी निघाली, तिच्या तीनचाकी मालगाड्या गल्लीबोळांतून फटफटू लागल्या, आणि हां हां म्हणता कंपनीचे नाव हेच गाडीचे नाव होऊन बसले. २००५ मध्ये कंपनीने ते टाकून ‘फोर्स मोटर्स’ असे नाव घेतले. त्याच वर्षी टाटांची ‘एस’ ही चिमुकली चारचाकी रस्त्यावर आली आणि लोकांनी तिचे बारसे ‘छोटा हत्ती’ असे केले. पण बिऱ्हाड हलवायचे ठरले, की आजही आपण म्हणतो, “टेम्पो सांगून ठेवा.” कंपनीने शब्द सोडला, आपण मात्र सोडला नाही.

शब्दांचा प्रवास शिकवताना हे उदाहरण मला वर्गात नेहमी उपयोगी पडते. परंतु यंदा पाडव्याला एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला आणि म्हणाला, “सर, छोटा हत्ती घेतला. जुना आहे, पण इंजिन चांगलं आहे. आईच्या पाटल्या गहाण ठेवून पहिले पैसे भरले. आता तुम्ही काहीतरी सांगा.” तेव्हा व्युत्पत्ती सांगून भागण्यासारखे नव्हते.

परवान्याची अडचण नव्हती. एकूण वजन साडेसात हजार किलोंच्या आत असलेली मालगाडी हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते, वेगळा शेरा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. कायद्याच्या दृष्टीने तो ड्रायव्हर होताच. पण एम. ए. होणे आणि वर्ग सांभाळणे यांत जे अंतर असते, तेच इथेही असणार. म्हणून मी त्याला आमच्या पेठेतल्या एका मामांकडे नेले. या मामांनी तीस वर्षे टेम्पो चालवला. आमच्या इमारतीतली निम्मी बिऱ्हाडे त्यांनीच आणली. आता गाडी मुलाच्या हाती देऊन ते कट्ट्यावर बसतात.

मामांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. “गाडी चालवता येते?”

“येते की.”

“आणि उतरता?”

पोरगा गोंधळला. मामा म्हणाले, “गाडी मागे घ्यायच्या आधी खाली उतरायचं. एक फेरी घालायची. आरशात दिसतं ते अर्धं. चेंडू घ्यायला पोर चाकामागं वाकलं, तर ते कुठल्याच आरशात दिसत नाही. बोळात शिरायच्या आधी उतरायचं, टोकापर्यंत चालत जायचं आणि वर बघायचं. वायरी, सज्जे, मांडवाची कमान. माल भरून गाडी किती उंच झालीय, ते सीटवर बसून कळत नाही.”

मग एकेक गोष्ट निघत गेली. शेवटच्या पत्त्याचा माल आधी भरायचा, म्हणजे पहिल्या दारात सगळी गाडी उपसावी लागत नाही. जड सामान तळाला आणि केबिनच्या बाजूला. सगळा भार मागे गेला तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. फ्रीज उभाच न्यायचा. दोर आवळून निघाले तरी किलोमीटरभरावर पुन्हा उतरून बघायचे, कारण धक्क्यांनी माल बसतो आणि दोर सैल पडतो. उतारावर हातब्रेक, गिअर आणि चाकाखाली दगड, तिन्ही हवेत. खोकी मोजून घ्यायची, मोजून द्यायची, सही घ्यायची. “फुटलेलं खोकं भरायच्या आधी दाखवायचं,” मामा म्हणाले, “उतरवताना दाखवलंस, तर ते तूच फोडलेलं असतं.”

पोरगा मोबाईलवर टिपून घेत होता. मध्येच थांबून म्हणाला, “मामा, इतक्यांदा उतरलो तर खेपा किती होणार? हप्ता पाच तारखेला असतो.”

खरा प्रश्न हाच होता. मामांनीही तो हसण्यावारी नेला नाही. म्हणाले, “सुरुवातीचा छोटा हत्ती साडेसातशे किलोंचा. म्हणजे सिमेंटच्या पंधरा गोण्या. दुकानदार म्हणणार, अजून पाच टाक, वर शंभर रुपये घे. तू नाही म्हणशील, तो दुसऱ्याला बोलावील. तुझी खेप जाईल. जाऊ दे. जास्त भरलेली गाडी ब्रेक दाबल्यावर तुझ्या मनासारखी थांबत नाही, आणि तेव्हा तो दुकानदार शेजारच्या सीटवर नसतो.”

घरी येताना माझ्या मनात आले, हा दुकानदार आपल्यातही असतोच. भाड्यात घासाघीस करून आपण वर गॅलरीतून ओरडतो, “अहो, जरा लवकर!” लिफ्ट बंद आहे, मजला तिसरा आहे, सोसायटीचे फाटक दुपारी उघडत नाही, हे टेम्पो दारात आल्यावर सांगतो. त्याची सगळी घाई आपण त्याच्या माथी मारलेली असते. वास्तविक फोन करतानाच मजला, जिना आणि सामानाची यादी सांगितली, रखवालदाराला आगाऊ कल्पना दिली आणि आल्यावर तांब्याभर पाणी पुढे केले, तर आपलेच कपाट धड पोहोचते.

चार महिन्यांनी विद्यार्थी भेटला. पाच गोण्यांचा प्रसंग पहिल्याच महिन्यात आला होता. त्याने नाही म्हटले, गिऱ्हाईक गेले, आणि त्या महिन्याचा हप्ता मित्राकडून उसने घेऊन भरला. “उसने फेडले, सर. पाटल्या मात्र अजून तिकडेच आहेत.” एका काचसामानवाल्याचे काम त्याला आता नेमाने मिळते. काच जपणारा माणूस त्या दुकानदाराला हवाच होता.

परवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची गाडी आडवी दिसली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला होता. तो शांतपणे दार उघडून खाली उतरला, गाडीभोवती फिरला, मागच्या चाकाशी वाकून पाहिले, आणि मगच गाडी मागे घेतली. हॉर्न वाजवणाऱ्यांत आमच्या इमारतीतले एक सद्गृहस्थ होते. त्यांचा नातू तेव्हा त्याच गल्लीत चेंडू खेळत होता.