गोंगागातलं घर

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत प्रेमकथेचा शेवट वाईटच व्हावा लागतो. दिवाळी सरली की वडशाच्या नाटक कंपन्या बाहेर पडतात. शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असेल त्या गावात मंडप पडतो, रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि शेवटच्या अंकात नायक, नायिका, जमलं तर दोघंही, मरतात. बाया पदराने डोळे पुसत, चादरी गुंडाळून घरी येतात आणि सकाळी धानाच्या चुरण्याला जातात. आमची आई त्यातलीच. नाटकात कुणी मेलं नाही तर तिकिटाचे पैसे वाया गेले असं तिला खरंच वाटायचं. त्यामुळे धाकट्या भावाने, आमच्या बाबूने, तिला सांगितलं की तो कॉम्प्युटरवर खेळतो त्या गोष्टीतली फुलं विकणारी पोरगी अर्ध्यातच मरते, तेव्हा तिला दुःख झालं नाही, गंमत वाटली.

"थे मेली, त मंग बाकीचे का करतेत?"

बाबूकडे याचं उत्तर नव्हतं. तो पहिल्या सीडीच्या शेवटावर होता. अजून दोन सीडी शिल्लक होत्या.

खेळाचं नाव फायनल फँटसी सेव्हन. जपानच्या स्क्वेअर कंपनीने तो जानेवारी 1997 मध्ये प्लेस्टेशनसाठी काढला आणि 1998 मध्ये तो कॉम्प्युटरवर आला. आलापल्लीला आमच्या घरी पोचायला त्याला आणखी काही वर्षं लागली. वडील वनखात्याच्या आरागिरणीत होते. चिरलेल्या सागाचा वास त्यांच्या शर्टातून धुऊनही जात नसे. जुना कॉम्प्युटर चंद्रपूरहून एसटीच्या टपावर आला, सीडी नागपूरच्या सीताबर्डीवरून कुणाच्या तरी हाती. बाबू दहावीत होता. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन तो खेळायचा, आणि मी, त्याची ताई, मागे बसून बघायची. शिनरा नावाची कंपनी जमिनीतून माको नावाची ऊर्जा उपसते, शहरं त्यावर उजळतात आणि जिथून उपसलं ती गावं ओसाड होतात, हे आमच्याकडच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. ते त्याला शब्दकोशाशिवाय कळलं.

ती फुलं विकणारी पोरगी, एरिथ, पहिल्यांदा भेटते ती रस्त्यात, टोपली घेऊन. एका गिलला, म्हणजे तिथल्या एका नाण्याला, एक फूल. मग ती आपल्या टोळीत येते, आणि इथून पुढे हा खेळ नाटकापेक्षा वेगळा होतो. तिला तुम्ही वाढवता. तिच्या हाती कुठली काठी द्यायची, काठीत कुठला माटेरिया, म्हणजे जादूचा गोळा, बसवायचा, तिला पुढे उभं करायचं की मागे, हे तुम्ही ठरवता. ती जखमी झालेल्यांना बरं करते, त्यामुळे बहुतेक जण तिला बरोबर ठेवतातच. खेळाचा नायक क्लाउड, त्याच्या मनात कुणाबद्दल किती ओढा आहे त्याचे गुण खेळ आतल्या आत मोजत असतो. तुम्ही दिलेल्या साध्यासुध्या उत्तरांवरून ते वाढतात किंवा घटतात, आणि जत्रेतल्या पाळण्यात बसून आतषबाजी बघायला त्याच्याबरोबर कोण येणार ते त्यावर ठरतं. बाबूच्या वेळी एरिथ आली. बहुतेकांच्या वेळी तीच येते, कारण तिचे गुण सुरुवातीपासूनच जास्त धरलेले आहेत. बनवणाऱ्यांनी आधीच झुकतं माप दिलेलं होतं, आणि ते कशासाठी हे पुढे कळतं.

ती मरते तो प्रसंग मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा खलनायक सेफिरॉथची तलवार वरून आली, तिच्या वेणीतला गोळा पायऱ्यांवरून टपटपत पाण्यात गेला, आणि लाइट गेली. आलापल्लीत लाइट जायला निमित्त लागत नाही. खेळ मागच्या सेव्हपासून पुन्हा आला. बाबू तेवढा भाग परत गुमान खेळला. ती परत मेली. या वेळी लाइट होती, म्हणून पुढचं दिसलं: लगेच एका राक्षसाशी लढाई होते, पण लढाईचं संगीत लागत नाही. नोबुओ उएमात्सुने तिच्यासाठी केलेली धूनच वाजत राहते आणि तुम्ही त्या धुनेवर तलवार चालवत राहता. मग क्लाउड तिला पाण्यात सोडतो. त्यानंतर बाबूने टोळीची यादी उघडली. तिने घातलेला माटेरिया आपल्या पिशवीत परत आलेला होता. ती नव्हती.

जगभरच्या खेळाडूंनी तिला परत आणायच्या युक्त्या शोधल्या, अफवा उठवल्या. एकही खरी निघाली नाही. हा प्रसंग व्हिडिओ गेमच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला मृत्यू मानतात आणि ते रास्तच आहे. पण बाबू त्यावर फार बोलायचा नाही. त्याच्या डोक्यात गोंगागा बसलं होतं.

गोंगागा हे जंगलातलं गाव. तिथला माकोचा कारखाना स्फोटात गेलेला आहे. कबरी आहेत, मोडका लोखंडी सांगाडा आहे, चारसहा घरं आहेत. कथेला तिथलं विशेष काही नको असतं, तुम्ही सरळ पुढे जाऊ शकता. पण एका घरात शिरलं तर एक म्हातारं जोडपं भेटतं. त्यांचा मुलगा, झॅक, शहरात शिनराचा सोल्जर व्हायला गेला. त्याचा ठावठिकाणा नाही. काही वर्षांपूर्वी त्याचं पत्र आलं होतं, मला एक मैत्रीण भेटली आहे, असं. म्हातारी एरिथकडे बघते आणि विचारते, ती तूच का? एरिथ काही न बोलता बाहेर निघून जाते. क्लाउडच्या गावची टिफा टोळीत असते, तिला नेलं तर तीही गडबडते आणि आपण त्याला ओळखत नाही म्हणते. खोटं बोलते.

गोंगागात शिरताना हे कळत नाही, पुढे दुसऱ्या सीडीवर कळतं. झॅक एरिथचं पहिलं प्रेम. क्लाउड हा त्याच्या हाताखालचा साधा शिपाई. शिनराच्या प्रयोगशाळेतून दोघं पळाले तेव्हा क्लाउड शुद्धीवर नव्हता. झॅकने त्याला ओढत, उचलत मिडगारच्या वेशीपर्यंत आणलं, कारण त्या शहरात एरिथ होती. शहर समोर दिसत असताना शिनराच्या शिपायांनी झॅकला गोळ्या घातल्या. तलवार क्लाउडने उचलली, आणि तलवारीबरोबर त्याचं चालणं, हातवारे, फुशारकी, पराक्रमाच्या आठवणी, सगळंच. आपण झॅक आहोत असं तो म्हणत नाही. त्याला झॅक आठवतच नाही. झॅकच्या जागी तो स्वतःला आठवतो. टिफाला त्याची कहाणी जुळत नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, पण हा माणूस उसवेल या भीतीने ती गप्प बसते. एरिथला दिसतं ते वेगळंच: हा अनोळखी पोरगा आपल्या हरवलेल्या माणसासारखा चालतो. आधी ती त्या चालण्यासाठी त्याच्याजवळ येते. मग तिला त्या चालीच्या आतला खरा क्लाउड हवासा वाटायला लागतो, आणि पाळण्यात बसल्यावर ती त्याला तसं सांगतेही.

खरा क्लाउड सापडतो. झॅकचं काय झालं तेही आठवतं. पण तोवर ती मेलेली असते. झॅकच्या शेवटाचा तो प्रसंग क्लाउडच्या गावच्या, निबेलहाइमच्या, वाड्याच्या तळघरात परत गेलं तरच दिसतो, नाही गेलं तरी खेळ पुरा होतो. म्हणजे एरिथला कधीच कळत नाही, कित्येक खेळाडूंनाही कळत नाही, आणि त्या म्हाताऱ्यांना जाऊन सांगावं तर आम्हांला तरी ती वाट सापडली नाही. क्लाउडला सगळं आठवल्यावर बाबू त्याला घेऊन गोंगागाला परत गेला होता. त्या घरात गेला. काही घडलं नाही. "सांगायला पाह्यजे होतं न ताई," एवढंच म्हणाला.

पुढे बाबू पुण्याला गेला. आमच्या डेपोतून बाहेर पडणाऱ्या सागाच्या प्रत्येक ओंडक्यावर हातोड्याची खूण असते, नंबर असतो, बरोबर वाहतूक परवाना असतो. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी इथला साग बल्लारपूरहून निघाला तेव्हा तर त्याची मिरवणूक निघाली. पोरं मात्र पहाटेच्या एसटीने जातात आणि त्यांची नोंद कुठे होत नाही. बाबू दर रविवारी फोन करायचा. एका उन्हाळ्यात आईला म्हणाला, "एक जण आहे. दिवाळीत आलो का सांगतो." आईने नाव विचारलं नाही. दिवाळी यायची होती.

पावसाळ्यात त्याची मोटरसायकल घसरली. पुण्याहून शववाहिका आली. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

तेरवीला त्याच्या ऑफिसातली चारपाच जणं आली. त्यात एक मुलगी होती. ती आली आणि कुणी न सांगता स्वैपाकाच्या मांडवात बायांमध्ये बसली, पावशी ओढून वांगी चिरायला घेतली. तिला पावशीची सवय नव्हती, फोडी लहानमोठ्या होत होत्या. जेवणं उरकल्यावर चहा झाला. तिने कप हातात घेतला, वर आलेली साय करंगळीने एका बाजूला ओढली आणि बशीच्या कडेला पुसली. मग प्यायली.

आमच्या घरात हे एकटा बाबू करायचा. लहानपणापासून. साय त्याच्या घशात अडकायची आणि चमचा आणायचा कंटाळा. आई त्यासाठी त्याला कितीदा रागावली असेल. मी आईकडे पाहिलं. आईने ते पाहिलं होतं.

ती मुलगी निघायच्या वेळी आई तिच्याजवळ गेली. "तूच का वं थे?"

तिने मान खाली घातली. "नाही काकू. आम्ही एका ऑफिसात होतो."

"बरं," आई म्हणाली. आत जाऊन चारोळीची पुडी बांधून आणली आणि तिच्या पिशवीत घातली. बाकीच्या कुणाला दिली नाही.

ती खोटं का बोलली, हे मी तिला विचारलेलं नाही. तिचं पुढे लग्न झालं, बरं चाललं आहे. नाटकात असतं तर ती आईच्या गळ्यात पडून रडली असती आणि मंडप हलला असता. पण मला वाटतं, तिला आईला सून देऊन लगेच काढून घ्यायची नव्हती. टिफाही त्या म्हाताऱ्यांना म्हणूनच टाळते, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी ते पटकथेतलं रहस्य टिकवायची युक्ती समजत होते.

झॅक आणि एरिथच्या गोष्टीवर स्क्वेअर एनिक्सने 2007 मध्ये क्रायसिस कोर नावाचा वेगळा खेळ काढला. बाबूला तो कधी मिळाला नाही. तो नव्याने सजवून डिसेंबर 2022 मध्ये कॉम्प्युटरवर आला तेव्हा मी घेतला. त्यात सगळं आहे: चर्चच्या छपरातून पडणारा झॅक, त्याने तिच्या फुलांसाठी केलेली गाडी, तिने लिहिलेली पत्रं, त्यातलं 89वं आणि शेवटचं. शेवटच्या लढाईची कल्पना मात्र जबरदस्त आहे. खेळभर कोपऱ्यात एक चक्र फिरत असतं आणि त्यावर झॅकच्या माणसांचे चेहरे येतात. गोळ्या लागत जातात तसं ते चक्र अडखळतं, चेहरे एकेक करून पुसले जातात, आणि शेवटी एरिथचा उरतो. तिथे मी खेळ थांबवून अंगणात जाऊन आले. पण एकंदरीत तो खेळ फार बोलतो. 1997च्या खेळात झॅक जवळपास नाहीच. त्याचं चालणं दुसऱ्याच्या अंगात आहे, त्याचं पत्र त्याच्या आईच्या आठवणीत आहे, आणि ज्यांना माहीत आहे ते गप्प आहेत. झॅक मला तिथे जास्त खरा वाटतो.

आईला एकदा मी तिच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न केला, बाकीचे काय करतात ते. तिने अर्धं ऐकलं आणि म्हणाली, "खेळतेत त. दोन सीड्या होत्या म्हणे न."

1997चा तो खेळ आता फोनवरही मिळतो. खेळलात तर गोंगागाला घाई करू नका. एरिथला बरोबर ठेवा, त्या घरात जा, म्हाताऱ्यांचं ऐकून घ्या. ती बाहेर गेली की तिच्यामागे जाऊन तिच्याशीही बोला. खेळ तुम्हांला तिथे थांबा म्हणणार नाही. तुम्हांलाच थांबावं लागेल.